ओक्लाहोमावाली तक्रार करायला शिकली

काकू, अहो काकू! इकडे, थुयाच्या फटीतून बघा. मीच. धिरड्यांचा वास आला म्हणून म्हटलं, काकू उठलेल्या दिसतात. बाळ-बाळंतीण झोपलीत ना? मग या की कुंपणापाशी जरा. झारा राहू द्या हातात, गॅस बंद केलात म्हणजे झालं.

कालचं कळलं का? नाहीच कळणार. शेजारी मी राहते हे तुमच्या जावयाला कळायलाच वर्ष गेलं, तो काय सांगणार! अहो, ते निळ्या खिडक्यांचं घर, ती अमेरिकन. काल मेरीत जाऊन भांडून आली. मेरी म्हणजे इथली नगरपालिका हो. काउंटरवरच्या बाईला म्हणाली, हे असं चालायचं नाही, मला लेखी उत्तर द्या. तेही फ्रेंचमधून! आणि आज सकाळपासून समोरच्या आजी, त्या निवृत्त मास्तरीणबाई, गल्लीभर सांगत सुटल्यात, बाई फार चांगली आहे म्हणून. आता बोला. इतके महिने सगळ्यांकडे बघून गोड हसत होती तर कुणी विचारत नव्हतं. भांडली आणि चांगली झाली.

मुळापासून सांगते, नाहीतर गंमत कळायची नाही.

नवरा विमानांच्या धंद्यातला. त्यात नवल नाही, तुलूझच्या या बाजूला ज्याला विचाराल तो एअरबसमध्ये, नाहीतर एअरबसला काहीतरी पुरवणाऱ्यांकडे. तो कॅलिफोर्नियाचा, ती मूळची ओक्लाहोमाची. म्हणून मी तिला ओक्लाहोमावालीच म्हणते, तिच्यामागे. तीन पोरं. आणि आले कधी? तर ऑगस्टात! ऑगस्टात फ्रान्समध्ये संसार मांडायला यायचं म्हणजे भाऊबिजेला तहसील कचेरीत सातबारा मागायला जायचं. बेकरीला कुलूप, डॉक्टर सुट्टीवर, घराच्या किल्ल्या ज्या बाईकडे ती समुद्रकिनारी. आणि ही म्हणते कशी, वा, किती छान, सगळे घरच्यांबरोबर वेळ घालवतात! मी म्हटलं, घालव बाई, तूही घालव, किल्ली मिळेपर्यंत हॉटेलात.

मग कागदपत्रं. बँकेत खातं उघडायला गेली तर राहत्या पत्त्याचा पुरावा आणा, म्हणजे विजेचं बिल. वीज घ्यायला गेली तर बँकेचा खातेक्रमांक द्या. हे आपल्यालाही चुकलं नाही, पण आपण रेशनकार्डाच्या रांगेत वाढलेले. तिचं लचांड आणखी वेगळं. अमेरिकेचा नागरिक जगाच्या पाठीवर कुठेही राहो, दरवर्षी अमेरिकेचं कराचं विवरणपत्र भरायचंच. आपलं तसं नाही. आपण इथे राहतो, इथली कमाई, इथे कर, मिटलं. त्यात २०१० मध्ये तिकडे कायदा झाला, की परदेशी बँकांनी आपल्याकडच्या अमेरिकन खातेदारांची माहिती अमेरिकेच्या कर खात्याला कळवायची. तेव्हापासून अमेरिकन पासपोर्ट दिसला की इथल्या कितीतरी बँकांच्या कपाळाला आठ्या. एका बँकेनं तिला चक्क नाही म्हणून सांगितलं. बाहेर येऊन मला काय म्हणाली असेल? म्हणे, किती नम्रपणे नाही म्हणाले!

हसताय काय काकू, मी असते तर मॅनेजरच्या सात पिढ्यांची चौकशी केली असती.

बरं, मिक्सर. तिकडून मोठ्या हौसेनं कणीक मळायचं अवजड यंत्र आणलं, वाढदिवसाला मिळालेलं. अमेरिकेची वीज १२० व्होल्टची, इथली २३० ची. फट्! घरभर जळका वास. तेव्हा मी आपला कोल्हापूरहून आणलेला मिक्सर तिला दाखवला, आपल्याकडचा २३० चाच, इथे बिनधास्त चालतो. तिनं त्यावर हात फिरवला हो, देवाला नमस्कार केल्यासारखा.

पण खरं नाव खराब झालं ते गवतामुळे. पहिल्याच रविवारी दुपारी दोनला दाढीवाल्यानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, गवत कापायचं मशीन सुरू केलं. रविवारी! जेवणाच्या वेळेला! इथे आवाजाच्या मशिनांचं वेळापत्रक ठरलेलं असतं. रविवारी सकाळी दहा ते बारा चालतं, जेवताना ब्र काढायचा नाही. कोपऱ्यावरचे ते टकलू आजोबा तोंड पुसत फाटकाशी येऊन उभे राहिले. बोलले काहीच नाहीत, नुसते उभे. दाढीवाल्यानं हात हलवला, छान हसला आणि कापत राहिला. त्याला वाटलं, म्हातारा ओळख करून घ्यायला आलाय. दुसऱ्या दिवशी पत्रपेटीत मेरीच्या नियमांचा कागद, रविवारच्या ओळीखाली लाल रेघ.

इथली माणसं वाईट नाहीत, काकू. पण अनोळखी माणूस विनाकारण हसला की यांना वाटतं, हा काहीतरी विकायला आलाय. आजींनी मला तेव्हा विचारलंही होतं, ती बाई कुठल्या पंथाची वगैरे आहे का? दुकानात शिरताना बोंजूर म्हणायलाच हवं, हसलं नाही तरी चालतं. हिचं नेमकं उलट. हसायची भरपूर आणि सरळ म्हणायची, दोन चॉकलेटीन. बेकरीवाली चिमटा हातात धरून शांतपणे म्हणायची, "बोंजूर, मादाम." आणि थांबायची. ही परत बोंजूर म्हणेपर्यंत चिमटा हलायचा नाही, मागे रांग दारापर्यंत. आठवड्याभरात सरळ झाली.

भोंग्याचं सांगितलं का मी तुम्हाला? नाही? अहो, मग बसा त्या खुर्चीवर. फ्रान्सभर दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बाराला आपत्तीचा भोंगा वाजतो. आपत्ती काही नसते, भोंगा चालू आहे ना एवढंच बघतात. पावणेदोन मिनिटं रडतो आणि गप्प. इथलं कुत्रंसुद्धा मान वर करत नाही. ओक्लाहोमात मात्र तसा आवाज म्हणजे टॉर्नेडो, घरं उचलून नेणारं वादळ. तळघर असेल तर तळघरात पळायचं, नसेल तर न्हाणीघरात टबात बसायचं आणि वर गादी ओढून घ्यायची. लहानपणापासून अंगात मुरलेलं. ऑक्टोबरचा पहिला बुधवार, शाळा सकाळचीच, पोरं नुकतीच घरी आलेली. भोंगा सुरू झाला तशी हिनं तिघांना धरून टबात कोंबलं, डोक्यात सायकलची हेल्मेटं घातली, वरून पलंगाची गादी. आणि त्याच घटकेला समोरच्या आजी परसातल्या झुकिनी घेऊन दारात. दार उघडंच. हाका मारत आत गेल्या तर न्हाणीघरात गादी, गादीखाली चार हेल्मेटं, आणि धाकटं रडतंय. आजींनी झुकिनी बेसिनवर ठेवल्या आणि म्हणाल्या, "बोंजूर, मादाम." बाई मास्तरीण आहेत, शिस्त सोडायच्या नाहीत.

त्यांनीच सांगितलं मला. पण एक गोष्ट बघा, ते सांगताना त्या पहिल्यांदा तिच्याबद्दल हसल्या. त्याआधी नुसतं नाक मुरडायच्या.

शाळेचं मात्र मला तिच्यापेक्षा सोपं गेलं होतं, खोटं कशाला बोलू. ऑगस्टअखेर सामानाची यादी येते ना, वही २४ बाय ३२ सेंटीमीटरची, पानं ९६, मोठ्या चौकटींची. हिला वाटलं वही म्हणजे वही, सुपरमार्केटातून कुठलीही उचलली, ती परत आली. इथल्या वहीची आखणी वेगळीच. आडव्या बारीक रेघा, उभ्या रेघा, डाव्या अंगाला लाल समास. सेयेस नावाच्या एका पुस्तकविक्रेत्यानं १८९२ मध्ये काढली, अजून देशभर तीच. कुठलं अक्षर कितव्या रेघेपर्यंत चढायचं, कितवीपर्यंत उतरायचं, सगळं ठरलेलं. आपण इंग्रजीला चौरेघी वही वापरली, त्यामुळे मी बघितल्याबरोबर म्हटलं, हे तर ओळखीचं! तिची मधली आठ वर्षांची, तिकडे सुटी सुटी अक्षरं लिहिणारी. बाईंनी फळ्यावर अक्षरं एकमेकांना जोडून तारीख लिहिली तर पोरगी घरी येऊन विचारते, आई, फ्रेंच लोकांची लिपी वेगळी असते का गं?

आणि पाटी! खरंच, पाटी. खडूची नाही, पांढरी, मार्करनं लिहायची आणि फडक्यानं पुसायची. बाई गणित घालतात, पोरं उत्तर लिहून पाटी डोक्यावर धरतात. माझ्या आजेसासूबाई आल्या असत्या तर त्यांना काही शिकवावं लागलं नसतं.

थोरला अकराचा. त्याला नव्या परभाषिक पोरांच्या फ्रेंचच्या वर्गात घातलं, बाकी तास सगळ्यांबरोबर. गणितात वीसपैकी तेरा पडले. ओक्लाहोमावालीच्या तोंडचं पाणी पळालं, तिकडे एवढे गुण म्हणजे काठावर पास. मास्तर म्हणाले, छान आहे की! वीसपैकी वीस इथे सहसा कुणाला देतच नाहीत. त्यावर तिनं विचारलं, मग अठरा कुणाला मिळतात? मास्तरांनी हात वर केले, म्हणजे आकाशाकडे.

तुम्हाला बुधवारचं कोडं पडलं होतं ना परवा, की आठवड्याच्या मधोमध पोरं घरी कशी? जुनी रीत आहे. १९७२ पर्यंत गुरुवार मोकळा असायचा, मग बुधवार केला. काही गावांत अख्खा मोकळा, काहींत सकाळची शाळा. कितीतरी आया बुधवारी कामावरच जात नाहीत. ओक्लाहोमावाली म्हणाली, आणि बाप? हे मात्र मला आवडलं. तिला म्हटलं, हे तू आजींना विचार, मला नको.

शाळेतलं जेवण ऐकाल तर लेकीला म्हणाल, मलाच घाला शाळेत. दीड तासाची तरी सुट्टी. आधी कोशिंबीर किंवा सूप, मग मुख्य जेवण, मग चीज, मग गोड. टेबलावर केचपची बाटली ठेवायची नाही, असा २०११ चा सरकारी आदेश आहे. चव लावायला हवं ते स्वयंपाकघर ठरवील. पाव आणि पाणी मात्र हवं तेवढं. तुमच्या नातीचीही काळजी नको, आठवड्यातून एकदा सगळ्यांनाच शाकाहारी, २०१९ पासून. तर तिची मधली. तिकडे डब्यात पीनट बटरचं सँडविच नेणारी पोरगी, ती ख्रिसमसच्या सुट्टीत घरी जेवताना म्हणाली, आणि चीज कुठाय? बापाकडे असं बघितलं म्हणे, की तो उठून दुकानात गेला. रविवार होता. दुकान बंद.

दवाखान्याची गोष्ट ऐका, मग सोडते तुम्हाला. दाढीवाल्याची पाठ धरली. दोन दिवस कण्हत बसला, डॉक्टरकडे जाईना. का, तर विमा कंपनीकडून कळू दे आधी, किती खर्च येतो. अहो, तिकडे रुग्णवाहिका बोलवायचीही भीती वाटते त्यांना, बिलाच्या धसक्यानं. मी दामटून पाठवला. डॉक्टरनं तपासलं, ३० युरो घेतले. काही दिवसांनी खात्यात १९ परत. तीसचे सत्तर टक्के, वर दोन युरो आपल्या वाट्याचे कापून. पुढे उरलेल्यातले नऊ कंपनीच्या पूरक विम्यातून आले. ओक्लाहोमावाली बँकेला कळवायला निघाली, चुकून कुणाचे तरी पैसे आमच्याकडे आलेत म्हणून! तिला दारातच अडवली. हे तीन महिन्यांच्या कटकटीनंतर बरं का, आधी तो विम्याचा नंबर मिळेपर्यंत कागदावर कागद. ते हिरवं कार्ड हातात पडलं तेव्हा तिनं त्याचा फोटो ओक्लाहोमाला आईला पाठवला.

आता लायसन्स. ते रडगाणं अजून चालू आहे, म्हणून आवाज हळू करते, दाढीवाला सकाळी पळायला जातो इथूनच.

परदेशी लायसन्स इथे राहायला आल्यापासून वर्षभर चालतं, नंतर फ्रेंच लागतं. अमेरिकेत राज्याराज्याचं वेगळं. टेक्सासचं बदलून मिळतं, फ्लोरिडाचं मिळतं, पेनसिल्व्हेनियाचं मिळतं. कॅलिफोर्नियाचं नाही! म्हणजे इतकी वर्षं आठपदरी रस्त्यांवर गाडी हाकलेला माणूस, त्यानं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालायचं आणि पहिल्यापासून शिकायचं. २०२४ पासून इथे सतराव्या वर्षी लायसन्स मिळतं, म्हणजे वर्गात सगळी मिसरूड फुटलेली पोरं, आणि मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसलेला हा सहा फुटी बाप्या. शिकवणारी मुलगी पंचविशीची. लेखी परीक्षेला ४० प्रश्न, ३५ बरोबर हवेत.

प्रश्न असे की वकिलानं काढावेत. समोर गल्ली दिसते, तुम्ही थांबाल का? तर उत्तर, उजवीकडची असेल तर थांबायचं. दुसरं काही लिहिलेलं नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा मान पहिला, मग ती गल्ली केवढीशी का असेना. आणि टोकावर उभा केलेला पिवळा चौकोन दिसला, तर मान आपला. तो पिवळा चौकोन पुढे कधीतरी काळ्या रेघेनं खोडलेला दिसतो, की परत उजवीकडे बघा. त्यांच्याकडे चौकात चारी बाजूंना थांबा अशी पाटी, जो आधी आला तो आधी गेला, हातानं इशारे, या या, तुम्ही आधी. इथे त्यानं तसा इशारा केला तर मागच्यानं हॉर्न मारून त्याच्या खानदानाचा उद्धार केला.

पहिल्या खेपेला चौतीस. एकानं गेली! कुणाला सांगू नका हं. आता कोपऱ्यावरचे टकलू आजोबा त्याला संध्याकाळी शिकवतात. होय, तेच, लाल रेघवाले. अळंबी वेचायला नेतात, जाता-येता पाट्या विचारतात. अळंबीची टोपली मग औषधाच्या दुकानात दाखवायची, विषारी कुठली ते फार्मासिस्ट सांगतो. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हसले होते. आता मीही नेते.

तर असं सगळं चाललेलं आणि ही प्रत्येकाला सांगायची, सुपर, मस्त, फार आवडतं इथे. लोक बोलायचे, पण उंबऱ्याबाहेरच. आजींनी पहिल्यांदा संध्याकाळी अपेरोला, म्हणजे जेवणाआधीच्या पेयपानाला, बोलावलं होतं सातला, तर ही सातच्या ठोक्याला केक घेऊन हजर. आजींच्या केसांना रोलर! इथे पंधरा मिनिटं उशीर हाच रिवाज, त्याला तुलूझचं पाव तास म्हणतात. आजी म्हणाल्या, या ना, पण म्हणताना दार अर्धंच उघडलं.

मार्चात परत बोलावलं. या वेळी आली सात-वीसला. आजोबा होते, मी होते, आमचे हे होते. कुणीतरी सहज विचारलं, कसं चाललंय? आणि काकू, तिनं ग्लास ठेवला आणि म्हणाली, वाईट. एकदम शांतता. मग सुटली ती. त्यांच्या झोपायच्या खोलीलगत काचेच्या बाटल्या टाकायची टाकी आहे ना, मेरीची. बाटल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत, तिथे नेऊन टाकायच्या. टाकीवर लिहिलंय, रात्री दहानंतर टाकू नका. आणि लोक मध्यरात्री पार्टी संपली की पोतंभर घेऊन येतात, खळ्ळ्, खळ्ळ्, एकेक करून. धाकटं दचकून उठतं. तिनं दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. हे कुठलं गाव, हा कुठला कारभार, वगैरे वगैरे, क्रियापदं सगळी चुकलेली.

आजोबांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. उजळला! म्हणाले, मी २० वर्षं सांगतोय. आजींनी ऑलिव्हची दुसरी बशी आणली. आमच्या ह्यांनी पार्किंगचं काढलं, मी पोस्टाचं काढलं. दहा वाजले तरी कुणी उठेना. निघताना आजींनी तिच्या दोन्ही गालांना गाल लावले. माझ्या बाबतीत हे व्हायला दोन हिवाळे लागले होते, सांगून ठेवते.

आपल्या लोकांना ही कला जन्मतः येते हो. पाणी आलं नाही, पाणी गढूळ आलं, पाणी फार आलं, आपल्याला तिन्हीला तक्रार सुचते. म्हणून आपला इथे पहिल्यापासून निभाव लागला. तिला लहानपणापासून शिकवलेलं, चांगलं बोलता येत नसेल तर गप्प बस. त्या शिकवणीनं बिचारीचं अर्धं वर्ष खाल्लं.

तर कालचं. टाकी उचलून मैदानाच्या पार्किंगला न्या, असा अर्ज आहे. तिनं लिहिला, आजींनी शुद्धलेखन तपासलं, तिसऱ्या ओळीतल्या क्रियापदावरून दोघींचा वाद झाला आणि आजी जिंकल्या. आजोबांनी आवाजाच्या नियमांचा कागद जोडला, लाल रेघेसकट. मेरीतली बाई म्हणाली, नोंद घेऊ. ओक्लाहोमावाली म्हणाली, नोंद नको, तारखेसह पोच द्या. मिळाली! तिच्या थोरल्यानं जाऊन पोचपावती फ्रिजवर लावलीय, तेरा गुणांच्या पेपरशेजारी.

आता सह्या गोळा करतेय. शुक्रवारी शेजाऱ्यांचा दिवस आहे ना, रस्त्यात टेबलं टाकून जेवायचं. १९९९ मध्ये पॅरिसच्या सतराव्या विभागात कुणीतरी सुरू केलं, आता मे संपत आला की देशभर होतं. तुम्ही थालीपिठं करा, लोणी मी आणते. ती सातचं बोलावणं असलं तरी साडेसातला उगवेल, पण येताना कागद घेऊन येणार. तुम्ही सही करू नका हं, तुमचा व्हिसा नव्वद दिवसांचा, तुमची सही चालायची नाही. जावयाची मात्र हवी, त्याला आजच सांगून ठेवा, पूर्ण नाव, घर क्रमांक, आणि काळ्याच शाईनं. निळी आजोबांनी नामंजूर केलीय.